नववीचा पट



मंडळाने मला विषय दिला तो असा: 'माध्यमिक शिक्षकाकडून समाजाच्या अपेक्षा'. होकाराचं पत्र टाकलं आणि मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तेहतीस वर्षं मी हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवला. त्यातली पहिली अकरा वर्षं, ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली गेली. त्यांचं नाव माझ्यामागच्या फलकावर आहे. मी त्यांना कधी नावाने ओळखलं नाही, 'सर' म्हणूनच ओळखलं, आणि आजही तेवढंच म्हणेन.

सरांच्या टेबलाच्या खणात दोन वह्या असत. एक जाड, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात दहावीचे निकाल, साल लावून. संस्थेच्या बैठकीला जाताना ती काखेत असायची. दुसरी चाळीस पानांची साधी वही. दर जूनला, शाळा उघडून आठवडा झाला की सर नववीचं जुनं हजेरीपत्रक आणि दहावीचं नवं शेजारी ठेवून बसत. नववीत होती आणि दहावीच्या पटावर आली नाहीत, अशा मुलामुलींची नावं ते या वहीत उतरवत. नावापुढे वस्ती. त्यापुढचा रकाना कोरा. मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की सायकल काढायची आणि त्या वस्त्यांवर जायचं. परत आल्यावर तो कोरा रकाना भरायचा: 'लग्न झाले', 'पुण्याला बांधकामावर', 'वडील वारले, शेळ्या राखतो', 'सोमवारी येतो म्हणाला'. हा शेवटचा शेरा असला की सर सोमवारी प्रार्थनेच्या वेळी फाटकाशी उभे असत.

लाल वही अनेकांनी पाहिली, तिचा सत्कारही झाला. साध्या वहीबद्दल मी आज बोलणार आहे, कारण समाजाच्या अपेक्षांचा प्रश्न मला त्या वहीतच सापडतो.

अपेक्षा आपल्याकडे नव्या नाहीत. 1882 साली हंटर आयोगासमोर निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी शिक्षक कसा असावा ते स्पष्ट मांडलं होतं. शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवणारा माणूस त्याच वर्गातून आलेला असावा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरणारा असावा, त्याला नीट प्रशिक्षण आणि नीट पगार मिळावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलाचं घर ज्याला आतून ठाऊक आहे असा शिक्षक फुल्यांना हवा होता. प्राथमिक शाळांबद्दल ते बोलत होते, पण माझ्या मते ही अपेक्षा हायस्कुलालाही तितकीच लागू आहे.

त्याच सुमारास पुण्यात दुसरी एक अपेक्षा आकार घेत होती. 1 जानेवारी 1880 रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. चिपळूणकर, टिळक, पाठोपाठ आगरकर ही पदवीधर माणसं सरकारी नोकरीची वाट सोडून हायस्कुलात शिकवायला बसली. हायस्कूल मास्तर हा देशकार्य करणारा माणूस आहे आणि त्याने त्याग करायचा असतो, ही कल्पना तिथून आपल्या मनात रुजली. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, ज्यांच्या गावाला शाळाच नव्हती त्यांच्यासाठी वसतिगृहं उभारली, 1940 मध्ये साताऱ्यात मोफत हायस्कूल काढलं. कर्मवीरांची अपेक्षा मला जास्त जवळची वाटते, कारण ती पोरगा शाळेपर्यंत कसा पोचेल आणि पोचल्यावर कसा टिकेल यापासून सुरू होते.

आणि मग साने गुरुजी. महाराष्ट्रात शिक्षकाबद्दल बोलताना त्यांचं नाव टाळता येत नाही आणि टाळूही नये. मात्र एक गोष्ट आपण विसरतो. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते ते 1924 ते 1930, म्हणजे सहा वर्षं. ते अविवाहित होते, वसतिगृहात मुलांबरोबर राहत होते, आणि 1930 च्या कायदेभंगात नोकरी सोडून बाहेर पडले. त्यांच्या प्रेमाचं माप आपण तीस-पस्तीस वर्षं नोकरी करणाऱ्या, घरी आजारी आई आणि डोक्यावर पतसंस्थेचं कर्ज असलेल्या माणसाला लावतो. त्या मापाला कोणी पुरत नाही. मग काही जण आयुष्यभर मनात खंत बाळगतात, आणि बाकीचे ते माप बाजूला ठेवून कसलंच माप मानत नाहीत. दोन्हीत मुलांचं नुकसान आहे. मला गुरुजींकडून घ्यावीशी वाटते ती वेगळी गोष्ट. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. समोरच्या पोरांना वाचावंसं वाटेल असं काहीतरी ते रोज हाताने लिहून ठेवत. हे काम करायला संत असावं लागत नाही, फक्त रोज तासभर बसावं लागतं.

आता आजच्या अपेक्षा. त्या भराभर सांगतो, कारण इथे बसलेल्या शिक्षकांना त्या पाठ आहेत. शासनाला माहिती हवी, आज दुपारी बारापर्यंत, आणि काल भरलेलीच माहिती पुन्हा दुसऱ्या पोर्टलवर. निवडणूक आली की मतदान केंद्राध्यक्ष हवा, मतदार यादी आली की बीएलओ हवा, जनगणनेला प्रगणक हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं लावायला मनाई केली आहे, पण या तिन्हींच्या पोटातच वर्षातले किती दिवस मावतात ते शिक्षकाला विचारा. संस्थेला निकाल हवा, शिवाय पटसंख्या हवी. पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत तुकडी गेली तर शिक्षक अतिरिक्त ठरतो, म्हणून मे महिन्याच्या उन्हात मुलं गोळा करत दारोदार फिरणारे शिक्षक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. गावाला परीक्षेच्या दिवशी शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून उभं राहावं असं वाटतं, आणि त्याच दिवशी भरारी पथकाला त्याने खिडकीकडेच पाहत राहावं असं वाटतं. ज्यांच्याकडे पैसा आहे त्या पालकांची शाळेकडून अपेक्षा फक्त हजेरीपुरती उरली आहे, शिकवण्यासाठी क्लास आहे. आणि ज्यांच्याकडे पैसा नाही ते पालकसभेत उभे राहून म्हणतात, "सर, मारा, झोडा, पण पोरगं पास झालं पाहिजे."

या वाक्यावर मी जरा थांबतो. कायद्याने मारायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी छडी वापरली, याची मला लाज वाटते, आणि ज्यांच्या हातावर ती बसली त्यांतले दोघे आज या सभागृहात आहेत. पण तो बाप मारायला सांगत नसतो. त्याच्याकडे देण्यासारखा दुसरा अधिकार नसतो. पोराच्या अभ्यासातलं त्याला काही कळत नाही, क्लास परवडत नाही, म्हणून त्याच्याकडे असलेला एकमेव हक्क तो तुमच्या हाती देतो आणि सांगतो, आता तुम्ही बघा. या विश्वासाचं आपण काय केलं, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

सगळ्यांच्या अपेक्षा शेवटी एका आकड्यावर येऊन थांबतात: दहावीचा निकाल. त्या आकड्याकडे जरा जवळून पाहा. राज्याचा दहावीचा निकाल 2018 ला 89.41 टक्के होता. 2019 ला तो 77.10 वर आला, कारण अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांच्या तोंडी परीक्षेचे 20 गुण काढून टाकले होते. गदारोळ झाला, गुण परत आले, आणि 2020 ला निकाल लागला 95.30 टक्के. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नव्हता. 2021 ला तर परीक्षाच झाली नाही, आणि निकाल 99.95 टक्के. चार वर्षांतल्या या चढउताराच्या प्रमाणात महाराष्ट्रातली मुलं हुशार किंवा मठ्ठ झाली असं कोणी म्हणणार नाही. आकडा हलतो तो बहुतांशी मुलांच्या डोक्याबाहेरच्या कारणांनी. तरीही शिक्षकाची किंमत आपण त्यानेच करतो.

हे झालं राज्याचं. शाळेचा आकडा हलवण्याची आणखी एक युक्ती आहे आणि ती अधिक वेदनादायक आहे. टक्केवारी म्हणजे अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. अंश वाढवायचा तर वर्षभर शिकवावं लागतं. छेद कमी करायला एप्रिलमधली एक दुपार पुरते. नववीचा निकाल लावताना जी मुलं दहावीत 'धोक्याची' वाटतात त्यांना खाली ठेवायचं, किंवा पालकांना बोलावून सांगायचं की दाखला घ्या आणि बाहेरून बसा. बाहेरून म्हणजे 17 नंबरचा फॉर्म. तो भरला की मूल खासगी विद्यार्थी ठरतं. परीक्षा तीच, प्रश्नपत्रिका तीच, कित्येकदा बाकही त्याच शाळेतला. फक्त त्याचा निकाल शाळेच्या निकालात मोजला जात नाही. 17 नंबरचा फॉर्म वाईट नाही. शाळा सुटलेल्या कितीतरी बायकांनी, कामगारांनी त्याच्या आधाराने दहावी केली आहे. पुन्हा आत येण्यासाठी केलेल्या या दारातून आपण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना बाहेर काढतो, हे वाईट आहे.

आणि हे नववीतच का होतं? कारण सगळ्यांनी तिथेच हात सोडला आहे. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. आठवीपर्यंत अनेक वर्षं कोणाला मागे ठेवायचं नाही असा नियम होता. आता 2023 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे, तरी ज्या मुलांबद्दल मी बोलतो आहे ती जुन्या नियमातली होती. दुपारची खिचडीही आठवीपर्यंत. शिवाय 2016 मध्ये बालकामगार कायदा बदलला. घरच्या धंद्यातली मदत वगैरे सोडली तर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावणं बंद झालं, ही चांगली गोष्ट. पण चौदा ते अठरा वयाच्यांना धोकादायक कामं सोडून इतर काम करता येतं. म्हणजे ज्या जूनमध्ये मूल नववीच्या वर्गात येऊन बसतं, त्याच सुमारास शिक्षणाचा हक्क संपतो, खिचडी संपते आणि कामाची परवानगी सुरू होते. त्याला धरून ठेवायला वर्गशिक्षकाशिवाय कोणी उरत नाही.

मुलींचं तर विचारूच नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आमचा तालुका ऊसतोडीचा. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडे निघतात. जोडप्याला 'कोयता' म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पूर्ण कोयत्याला नीट मिळते, आणि वयात आलेली पोर एकटी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची हाही प्रश्न असतोच. नववीच्या वर्गात दिवाळीच्या सुट्टीनंतर मागच्या बाकावरची एक मुलगी दिसत नाही. चौकशी केली तर बाकीच्या मुली एकमेकींकडे पाहतात. सरांच्या वहीत 'लग्न झाले' हा शेरा मी जितक्या वेळा वाचला, तितका दुसरा कुठलाही वाचला नाही. सर पोचेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असे. म्हणून पुढे त्यांनी जूनची वाट पाहणं सोडलं. दिवाळीची सुट्टी संपली की तिसऱ्या दिवशी हजेरी बघायची, असा नवा नेम त्यांनी लावून घेतला. त्याने दोन लग्नं पुढे ढकलली गेली, हे मला ठाऊक आहे. त्या दोन मुलींपैकी एक आज याच तालुक्यात अंगणवाडी चालवते.

आता शिकवण्याकडे येतो, कारण मूल टिकवायचं तर त्याला वर्गात बसून काही समजलं पाहिजे. काही न कळता रोज सहा तास बसणं ही शिक्षाच आहे. 2023 मध्ये असर पाहणी चौदा ते अठरा वयाच्या मुलांची झाली, देशातल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांत. त्यातल्या सुमारे पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत सरळ वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं गणित निम्म्याहून जास्त मुलांना जमलं नाही. हे आकडे वाचून शहरातले लोक हळहळले. मला नवल वाटलं नाही. माझ्या नववीत ती मुलं दरवर्षी होती.

अशा मुलाला अक्षरं येत नाहीत असं नसतं. त्याला क, ख, ग येतो, काना-मात्रा येतात, 'कमल नमन कर' छाप वाक्य तो वाचतो. तो अडतो जोडाक्षरापाशी. 'क्षेत्र' आलं की थांबला. 'प्रात्यक्षिक' आलं की शेजारच्याकडे बघितलं. आणि नववीचं विज्ञानाचं किंवा इतिहासाचं कुठलंही पान उघडा, ओळीगणिक तीन-चार जोडाक्षरं असतात. म्हणजे पाचवी-सहावीत कधीतरी तो एका रुतलेल्या चाकाशी थांबला आणि गाडी त्याला घेऊन पुढे निघून गेली. शिक्षक म्हणतात, "पाया कच्चा आहे, खालच्यांनी काही केलं नाही." खालचे म्हणतात, "आम्हाला एका मास्तरला चार वर्ग." यात दोघांचंही खरं आहे, आणि मूल मात्र नववीत माझ्यासमोर बसलेलं आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी अपेक्षा करणाऱ्यांना बहुधा माहीत नसते. हायस्कूल शिक्षकाला वाचायला कसं शिकवायचं हे कोणी शिकवलेलं नसतं. डी.एड.वाल्याला ते शिकवतात. बी.एड.मध्ये आम्ही विषयाची अध्यापन पद्धती शिकलो, पाठाचं टाचण काढायला शिकलो, कवितेचं रसग्रहण कसं घ्यायचं ते शिकलो. पंधरा वर्षांच्या मुलाला, त्याचा मान न दुखावता, जोडाक्षर कसं शिकवायचं हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. 'न दुखावता' हे महत्त्वाचं. मिसरूड फुटलेल्या मुलाच्या हातात बालभारतीचं दुसरीचं पुस्तक दिलंत तर तो उद्या येणार नाही.

सरांनी मला त्याचा मार्ग दाखवला. त्यांनी एका मुलाला सांगितलं, घरून सातबारा घेऊन ये. त्याने घडी पडलेली झेरॉक्स आणली. सरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बघ, ह्यात किती जोडाक्षरं आहेत." खरोखरच सातबारा म्हणजे जोडाक्षरांचा मळा आहे. क्षेत्र, हक्क, हेक्टर. 'भोगवटादार' हा लांबलचक शब्द. आणि त्याखाली त्याच्या आज्याचं नाव, काकांची नावं, आणि शेवटी कंसात टाकलेलं एक नाव, म्हणजे कमी झालेलं. तो मुलगा पुस्तकातला 'क्षेत्र' कधी वाचत नव्हता. इथे त्याने बोट ठेवून वाचला, कारण ते क्षेत्र त्यांचं होतं. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा होता, तो त्याने घरी जाऊन आईला वाचून दाखवला. आईला तो बोजा माहीतच नव्हता.

पुढे मी त्यात भर घातली. बियाण्याच्या पिशवीमागचा मजकूर, बाजार समितीचे भाव, एसटीच्या फलकावरची गावं, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, लग्नपत्रिका. लग्नपत्रिकेत तर 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ', 'चिरंजीव', 'सौभाग्यकांक्षिणी' असे पैलवान शब्द असतात आणि मुलं ते हौसेने वाचतात. आमच्या गणिताच्या बाईंनी सातबाऱ्यावरूनच दशांश घेतला. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, आणि गुंठा नि आर जवळजवळ सारखेच. मग ०.४० हेक्टर म्हणजे घरच्या भाषेत किती? ज्या मुलाला दशांश चिन्हाची भीती वाटत होती, त्याने वडिलांच्या नावावर नेमके किती गुंठे आहेत ते स्वतः काढलं. शून्य तासाला, म्हणजे शाळा भरण्याआधीच्या चाळीस मिनिटांत, आम्ही हे करत होतो. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत नियमाने केलं तर बहुतेक मुलं वाचायला लागतात. सगळी नाही, पण बहुतेक. त्यांना नव्वद टक्के पडत नाहीत. चाळीस पडतात, बेचाळीस पडतात. पण ती दहावीच्या वर्गात असतात.

या कामाची नोंद कुठेही होत नाही. चाळीस टक्के मिळवून पास झालेल्या मुलाचा फोटो शाळेच्या फ्लेक्सवर लागत नाही. लातूरपासून मुंबईपर्यंत गुणवंतांचे सत्कार होतात, व्हावेतही, मी स्वतः त्यात भाषणं केली आहेत. मला एवढंच म्हणायचं आहे की नव्वदचं मूल अनेकदा शिक्षकाशिवायही नव्वद मिळवतं. चाळीसचं मूल शिक्षकाशिवाय शाळेत राहत नाही.

नोंद न होणाऱ्या अशा कामाची एक जुनी गोष्ट सांगतो. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज पुस्तक घेऊन बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी पाहिला. केळुसकर स्वतः शिक्षक, पण तो मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हता, त्यांच्या शाळेतलाही नव्हता. त्यांनी त्याची विचारपूस केली. पुढे 1907 मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं, आणि कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची शिफारस पोचवली. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो मुलगा भीमराव आंबेडकर. ही गोष्ट आपण मुलगा असामान्य होता म्हणून सांगतो. मला त्यात केळुसकरांचं वागणं दिसतं. ज्याच्या निकालाचा त्यांना काही फायदा नव्हता, ज्याचं नाव त्यांच्या कुठल्याही हजेरीपत्रकात नव्हतं, अशा मुलाजवळ ते थांबले.

शिक्षकांच्या बाजूनेही मला बोललं पाहिजे. अपेक्षा करणारा समाज त्यांना काय देतो? 2000 साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा हायस्कुलातल्या शिक्षणसेवकाला महिना 4000 रुपये मानधन होतं. पुढे ते 8000 झालं आणि 2023 पासून 18000. तीन वर्षं हे मानधन, मग वेतनश्रेणी. विनाअनुदानित शाळांमधल्यांचं दुःख याहून मोठं आहे. 'कायम विनाअनुदानित' यातला 'कायम' हा शब्द 2009 मध्ये गेला, पण अनुदान 20 टक्क्यांच्या पायऱ्यांनी आलं, आणि त्या पायऱ्या चढताना माणसं पन्नाशीला पोचली. आझाद मैदानावर पावसात बसलेल्या त्या शिक्षकांत माझे दोन विद्यार्थी होते. सकाळी शाळा आणि संध्याकाळी पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या माणसाने शनिवारी सायकलवरून वस्त्यांवर जावं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? ज्या गावाला आपल्या नववीची काळजी आहे त्या गावाने त्या माणसाच्या पगाराचीही काळजी केली पाहिजे. या दोन वेगळ्या मागण्या नाहीत.

मग अपेक्षा कोणती ठेवायची? पालकांना आणि संस्थेच्या सभासदांना मी एकच प्रश्न सुचवतो. येत्या पालकसभेत निकाल किती टक्के लागला हे विचारू नका. विचारा, दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुलं होती आणि यंदा त्यातली किती दहावीला बसली? जी बसली नाहीत त्यांची नावं काय, आणि ती आज कुठे आहेत? शिक्षकांकडे या प्रश्नाचं उत्तर असलं पाहिजे, तोंडपाठ असलं पाहिजे. शंभर टक्के निकाल सांगणाऱ्या शाळेला हा प्रश्न पहिल्यांदा विचाराल तेव्हा सभेत शांतता पसरेल, ती पसरू द्या. आणि ज्या शाळेचा निकाल सत्तर टक्के आहे, पण आठवीची सगळी मुलं दहावीच्या बाकावर बसली आहेत, त्या शाळेच्या मुख्याध्यापकाला संस्थेने कारणे दाखवा नोटीस काढू नये, तर सभेत उभं करून त्याचं काम सगळ्यांना ऐकवावं.

हे मी अधिकाराने बोलत नाही. सर निवृत्त झाले त्या दिवशी ती साधी वही त्यांनी माझ्याकडे दिली. चार वर्षं मी ती चालवली. मग निकालाचा दबाव वाढला, वरून विचारणा सुरू झाली, आणि एका एप्रिलच्या दुपारी नववीच्या निकालाच्या बैठकीत सात नावं वाचली गेली. त्यात माझ्या वर्गातला एक मुलगा होता. खाणीवर खडी फोडणाऱ्या बापाचा. शून्य तासाला यायचा, जोडाक्षरांपर्यंत आला होता, आणखी एक वर्ष मिळालं असतं तर वाचला असता. मी विरोध केला नाही. कागदावर वर्गशिक्षक म्हणून सही केली आणि त्याच्या वडिलांना मीच बोलावून सांगितलं, "आता याला बाहेरून बसवा."

तो माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "सर, बाहेरून म्हंजे कुठून?"

मी त्याला 17 नंबरच्या फॉर्मची माहिती दिली. फी किती, मुदत कधी, कागद कोणते. त्याने ती ऐकून घेतली. फॉर्म भरला गेला नाही.

त्या जूनमध्ये मी वहीत त्याचं नाव लिहिलं, वस्तीचं नाव लिहिलं. पुढचा रकाना कोराच आहे. मी गेलो नव्हतो. त्यानंतर वहीत एकही नोंद नाही.

ती वही मी आज बरोबर आणली आहे. तिच्यात अजून अकरा पानं शिल्लक आहेत. आपल्या शाळेच्या आताच्या मुख्याध्यापिका बाई इथे पहिल्या रांगेत आहेत. मघाशीच त्यांच्याशी माझं बोलणं झालं. दिवाळीची सुट्टी संपून आज तिसरा दिवस. नववी 'ब' मधल्या दोन मुली आलेल्या नाहीत, त्यांची नावं बाईंनी मला सांगितली. उद्या शनिवार आहे. सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघं जाणार आहोत.